दोनशे आठ नंबरचं स्थळ

हेमाताईंचं वधू-वर सूचक केंद्र मंडईच्या मागे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याच्या तोंडाशी पाटी आहे: ‘दुपारी एक ते चार बंद. फार घाई असेल त्यांनी आपापले जमवावे.’

आम्रपाली त्या पाटीखालून वर चढली तेव्हा साडेतीन वाजले होते. म्हणजे केंद्र बंद असायला हवं होतं. पण आतून तीन माणसांचे आवाज येत होते आणि त्यातले दोन चांगलेच तापलेले होते.

केंद्राची वेबसाइट आम्रपालीनंच दीड वर्षापूर्वी बनवली होती. ती हडपसरच्या एका छोट्या कंपनीत काम करायची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., बोलणं मोजकं, आणि कुणी ‘वेबसाइट बिघडली’ म्हटलं की ‘म्हणजे नक्की काय झालं?’ असं विचारायची सवय. फोनवर हेमाताईंनाही तिनं तेच विचारलं होतं. ‘नक्की काय झालं ते इथे येऊन ऐक. मला एकटीला का म्हणून ऐकायला लावतेस?’ असं म्हणून हेमाताईंनी फोन ठेवला होता.

आत टेबलाच्या एका बाजूला संजयराव बसले होते. हडपसरच्या कारखान्यात तपासणी खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले गृहस्थ. माल नापास करण्याची सवय त्यांच्या चेहऱ्यावर कायमची राहिली होती. त्यांच्या मुलीचं, शेफालीचं, लग्न जमवायचं होतं. समोरच्या खुर्चीवर लोणी काळभोरच्या सोजरबाई होत्या. सोलापूर रस्त्याला त्यांची रोपवाटिका, आणि ती चालवणारा मुलगा विक्रम. विक्रम चौतिशीचा झाला होता. रोपवाटिकेचं नाव काढलं की मुलीकडचे ‘कळवतो’ म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. अशी नऊ स्थळं झाल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी, म्हणजे संजयरावांनी, ‘माहिती पाठवा’ म्हटलं होतं. हेमाताईंनी दोनशे आठ नंबरच्या स्थळाची लिंक त्यांना पाठवली. आणि तिथेच सगळं फिसकटलं.

“बघा,” संजयरावांनी फोन आम्रपालीपुढे धरला, पण हातात दिला नाही. “लिंकवर बोट ठेवतो. आता वाचा.”

पान उघडलं. गॉगल लावलेला एक तरुण मोटारीला टेकून उभा होता. नाव: अनिरुद्ध.

“हा विक्रम नाही,” आम्रपाली म्हणाली.

“वा! शिक्षणाचा उपयोग होतो म्हणायचा,” हेमाताई म्हणाल्या.

“ह्याच अनिरुद्धनं जानेवारीत आमच्या शेफालीला नकार दिला,” संजयराव म्हणाले. “मे महिन्यात त्याचं लग्न झालं. आणि ह्या बाई आज मला पुन्हा त्यालाच दाखवतात. वर म्हणतात, मुलगा अगदी साधा आहे, जमिनीवर पाय असलेला.”

“ते माझ्या इक्रमबद्दल बोलत्यात त्या!” सोजरबाई म्हणाल्या. “माझ्या फोनात बघा की. दोनशे आठ, आणि हा बघा इक्रम. मोगऱ्याच्या रोपात उभा हाय.”

खरंच, सोजरबाईंच्या फोनवर विक्रमच होता. आम्रपालीनं लॅपटॉप उघडून तोच पत्ता टाकला. तिथेही विक्रमच. लिंक एक, आणि माणसं दोन.

“संजयकाका, मी तुम्हाला विक्रमच्या नावाची थेट लिंक पाठवू का? ती नक्की बरोबर उघडेल.”

“नको. मी दोनशे आठच आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली. सतरा माणसं आहेत. सतराच्या सतरांना हा गॉगल दिसला. माझा मोठा भाऊ विचारतो, संजय, आपल्याला एकच नकार पुरला नाही का? आता दुसरी लिंक पाठवली तर म्हणतील, बाईंनी रातोरात मुलगा बदलला. जी दिलीत तीच दुरुस्त करा. पाच वाजता मी उठणार. साडेपाचला दुसऱ्या स्थळाकडे चहा आहे.”

सोजरबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

आम्रपाली कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. सर्व्हरकडे कोण कधी आलं आणि काय मागितलं, याची नोंद आपोआप होत असते. ती नोंद तिनं पडद्यावर लावली.

“काका, आता लिंक उघडा.”

त्यांनी उघडली. नोंदीत एक नवी ओळ आली. आम्रपालीनं ती दोनदा वाचली.

“पुन्हा एकदा.”

“मी काय बटण आहे का?” संजयराव म्हणाले, पण त्यांनी पुन्हा उघडली.

पुन्हा तेच. फोननं दोनशे आठ मागितलंच नव्हतं. तो सरळ अनिरुद्धच्या पानाकडे गेला होता. म्हणजे रस्ता सर्व्हरनं चुकवलेला नव्हता. फोननं रस्ता विचारलाच नव्हता.

“काका, ही दोनशे आठ नंबरची लिंक तुम्ही पूर्वी कधी उघडली होती?”

संजयरावांनी घसा साफ केला. “जानेवारीत. एकदा.”

आम्रपाली गप्प राहिली. गप्प राहिल्यावर लोक खरं बोलतात, असा तिचा अनुभव होता.

“म्हणजे रोज एकदा,” ते म्हणाले. “त्यांचा निरोप यायचा होता ना. अकरा दिवस. तेव्हाही ग्रुपवर टाकली होती, सगळ्यांनीच पाहिली असेल.”

“जानेवारीत दोनशे आठला अनिरुद्ध होता?” आम्रपाली हेमाताईंकडे वळली. “आणि आता विक्रम आहे? ताई, नंबर माणसाला कायमचा दिलेला असतो ना?”

“कोण म्हणालं?”

“वेबसाइट करताना मी विचारलं होतं. नंबर बदलतात का? तुम्ही म्हणालात, छे, नंबर कशाला बदलतील, माणसं बदलतात.”

“मग? खोटं काय सांगितलं?” हेमाताईंनी कपाटातून निळ्या कापडी पुठ्ठ्याची वही काढून तिच्यापुढे टाकली. “गेली सव्वीस वर्षं अशीच पद्धत आहे. एखाद्याचं लग्न चटकन जमलं की तो नंबर शकुनाचा. मग लोक रांग लावतात. दोनशे आठवर आधी वहीत दोन लग्नं झाली, तिसरा अनिरुद्ध. ह्या सोजरबाई महिनाभर थांबल्या त्या नंबरसाठी.”

“सव्वा महिना,” सोजरबाई म्हणाल्या. “दुसरा नंबर देत हुत्या, तीनशे अकरा. त्या नंबरच्या पोराचं तीन वर्षं जमलं न्हाई. मी कशाला घेऊ?”

आम्रपालीनं वही उघडली. दोनशे आठच्या पानावर तीन नावं एकाखाली एक खोडलेली होती आणि प्रत्येकापुढे हळदीचं बोट लावलेलं होतं. तिनं वही मिटली. दीड वर्षापूर्वी तिनं सगळं विचारलं होतं, फक्त ही वही दाखवा असं म्हटलं नव्हतं. हेमाताईंचं उत्तर तिला विनोद वाटलं होतं. उत्तर तंतोतंत होतं, तपासलं तिनंच नव्हतं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली.

“वहीत लिहून ठेवू का?” हेमाताईंनी विचारलं. “तारीख घालून?”

“झालं काय ते तर सांगा,” संजयराव म्हणाले.

“दोनशे आठ हा छोटा पत्ता आहे. कुणी त्यावर आलं की आमचा सर्व्हर त्याला त्या माणसाच्या नावाच्या पानाकडे वळवतो. वळवताना मी फोनला सांगत होते की हे वळण कायमचं आहे, पुन्हा विचारू नकोस. तुमच्या फोननं जानेवारीत ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं. सोजरबाईंच्या फोननं जानेवारीत काही पाहिलंच नव्हतं, म्हणून त्यानं आता विचारलं आणि त्याला विक्रम मिळाला.”

“म्हणजे माझा फोन सांगितलेलं ऐकतो.”

“अगदी तंतोतंत.”

“घरात तेवढा तो एकच,” संजयराव म्हणाले.

सोजरबाई फिस्सकन हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

सतरा फोनांच्या आठवणी पुसायला सतरा घरी जावं लागलं असतं. आणि संजयराव स्वतःच्याच फोनला हात लावू देत नव्हते, तिथे भावांचं काय घ्या. पण फोन दोनशे आठ मागत नसले तरी अनिरुद्धचं पान तर मागत होते. ते मागणं सर्व्हरपर्यंत पोचत होतं. तिथे त्यांना गाठता आलं असतं.

“ताई, अनिरुद्धला त्याच्या पानावरून हलवू का?”

“हलव. लग्न झालेल्या माणसाला कोण बघतंय? मी आपली शोभेला ठेवली होती ती पानं, केंद्राचं नाव व्हावं म्हणून.”

आम्रपालीनं एक ओळ लिहिली: अनिरुद्धच्या पानावर जो येईल त्याला दोनशे आठकडे पाठवा. घड्याळाकडे बघत लिहिली होती. सहसा ती घड्याळाकडे बघत काही लिहीत नसे.

“काका, उघडा.”

संजयरावांनी बोट ठेवलं. पान पांढरं झालं, थोडा वेळ गोल फिरत राहिलं आणि मग इंग्रजीत संदेश आला, की या पत्त्यानं आपल्याला फार वेळा वळवलं, सबब उघडता येत नाही.

“आता तर कुणीच नाही,” संजयराव म्हणाले. “ना गॉगल, ना मोगरा.”

“मघाशी निदान लग्न झालेला तरी होता,” हेमाताई म्हणाल्या.

आम्रपालीनं लिहिलेली ओळ पुन्हा वाचली. अर्थातच. दोनशे आठवर गेलेला फोन स्वतःच्या आठवणीनं अनिरुद्धकडे जाणार, अनिरुद्धच्या दारातून ती त्याला परत दोनशे आठकडे पाठवणार, आणि तिथून तो पुन्हा अनिरुद्धकडे. दोन दारांमध्ये तिनं एका सरळ स्वभावाच्या फोनला फेऱ्या मारायला लावलं होतं.

“पोरी,” सोजरबाई उठून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझ्या हट्टापायी झालं का गं हे? तीनशे अकरा घेतला असता तर झालं असतं का असं?”

“नसतं झालं,” आम्रपाली म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे. मग सोजरबाईंचा चेहरा पाहून तिनं जोडलं, “पण चूक तुमची नाही, मावशी. आणि अजून पाऊण तास आहे.”

तिनं ओळ खोडली. ह्या वेळी आधी कागदावर बाण काढले. अनिरुद्धच्या पानावरून सरळ विक्रमच्या पानाकडे, मध्ये दोनशे आठ नाही. दोनशे आठवरूनही विक्रमकडे, पण हे वळण तात्पुरतं, आणि फोनला स्पष्ट सूचना की हे लक्षात ठेवू नकोस, दर वेळी विचार. केंद्रातल्या सगळ्याच नंबरांना तिनं तोच नियम लावला. मग प्रत्येक बाणावर पेन्सिल ठेवून तो कुठे पोचतो ते पाहिलं. कुठलाही बाण मागे येत नव्हता.

“काका, शेवटचं.”

“शेवटचंच,” संजयरावांनी घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी होते.

मोगऱ्याच्या रोपांमध्ये बाह्या दुमडून उभा असलेला विक्रम पडद्यावर आला. संजयरावांनी पान बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा विक्रम. तिसऱ्यांदा उघडलं. चौतीस वर्षांची सवय. मग चष्मा लावून ते वाचायला लागले.

“बी.एस्सी. अ‍ॅग्री,” ते म्हणाले. “आणि रोपं विकतो?”

“इकत न्हाई, वाढवतो,” सोजरबाई म्हणाल्या. “इकायला मी हाय. त्याला भाव सांगता येत न्हाई, गिऱ्हाइकाला झाड कसं जगवायचं तेच सांगत बसतो.”

“हं,” संजयराव म्हणाले. ते आणखी थोडं वाचत राहिले. “फोटोत हसत का नाही?”

“फोटो मी काढला,” सोजरबाई म्हणाल्या. “मी म्हणाले, हस. तो म्हणाला, कशाला?”

संजयरावांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी ग्रुपवर टाइप केलं आणि टाइप करताना मोठ्यानं वाचलंही, “लिंक पुन्हा उघडा. आता मुलगा बरोबर आहे.” मग त्यांनी शेफालीला फोन लावला.

“शेफाली, ती दोनशे आठची लिंक पुन्हा बघ. सकाळी चुकीचा…”

पलीकडचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येण्याइतका स्वच्छ होता. “बाबा, माझ्याकडे बरोबरच उघडली होती. मी सकाळीच पाहिली.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही काकांना ओरडत होता. म्हटलं, ओरडून होऊ दे. जानेवारीत मी तो गॉगल एकदाही उघडला नव्हता, तुम्हीच बघत होता. मला ह्याला भेटायचंय. साडेपाचवाल्यांना नको सांगा.”

फोन बंद झाला. संजयरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. सोजरबाईंच्या बोटाचा पदर सुटला होता. त्या मात्र काही विचारत नव्हत्या, नऊ स्थळांनी त्यांना तेवढं शिकवलं होतं.

“लोणीला रविवारी किती वाजता यावं?” संजयरावांनी विचारलं.

“सकाळी या,” सोजरबाई म्हणाल्या. “दुपारी तो रोपांत असतो, तिथून उठवायचा म्हंजे मलाच भांडावं लागतं. आन् ते भांडण लग्नाआधी तुमी ऐकू नये.”