पाठीवर नऊ लिटर

सहाव्या बाटलीचं झाकण अर्ध्या फेऱ्यात अडत होतं – आटेच बसत नव्हते, की आपल्याच बोटांना घाई झालीय, हे अश्वजितला कळेना. त्यानं झाकण काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा तिरकं. बाकीच्या पाच ओट्यावर शहाण्यासारख्या उभ्या, दीड-दीड लिटरच्या, आणि ही एकटी हट्टाला पेटलेली... अगं, बस ना बाई आता. शेवटी बसली. सहा दिढे नऊ. लाल कातळांच्या त्या वाळवंटात पहिले दोन दिवस पाण्याचा थेंब मिळत नाही, जे काय प्यायचं ते पाठीवरून न्यायचं, म्हणून हे नऊ लिटर रोज दुपारी सॅकमध्ये भरून तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत पाच वेळा चढायचे-उतरायचे, असा कपिलचा हुकूम होता.

दोघंही जर्मनीत – कपिल तिकडे उंटरश्लाइसहाइमला, हा इथं बाड हॉम्बुर्गला. कॉलेजातली दोस्ती, आणि तीन वर्षांपासून दोघांच्या डोक्यात एकच किडा – अमेरिकेतली ती लाल घळई, दोन्ही बाजूंना तांबड्या दगडांच्या भिंती, वर निळ्या आभाळाची पट्टी, चार दिवस चालणं. कपिलनं तक्ता केला होता, त्यात मोज्यांचंसुद्धा वजन होतं. मोजे दोन जोड, एकशे दहा ग्रॅम. अश्वजित त्याला हसला होता, आणि मग स्वतःचे मोजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिले होते. खरं सांगायचं तर त्याला दगडांचं एवढं काही नव्हतंच. त्या घळईत चार दिवस फोन लागत नाही, हे वाचलं तेव्हा त्याच्या छातीतलं काहीतरी सैल झालं होतं. चार दिवस कुणी हाक मारणार नाही. एश्बॉर्नच्या ऑफिसातून नाही, नांदेडच्या घरून नाही. हे कुणाला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, पण होतं ते हेच.

आणि नेमका मंगळवारी उज्ज्वलचा मेसेज आला. धाकटा भाऊ, कधी पाल्हाळ लावत नाही. ‘दादा, आईच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. चौदा ऑक्टोबर. आई म्हणते त्याला सांगू नको, तो धावत येईल. म्हणून सांगतोय.’

तो धावत येईल... आज शुक्रवार. तीन दिवस झाले, मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उज्ज्वलला तिकडे दिसत असणार, आणि जो धावत येणार होता तो इथं स्वयंपाकघरात बाटल्या भरत होता.

वर्षातल्या सुट्टीचे फक्त आठ दिवस उरलेले. या देशात तारखा आठवड्याच्या आकड्यानं बोलतात – घळई बेचाळिसाव्या आठवड्यात आणि गुडघाही बेचाळिसाव्याच. टीमचा सुट्टीचा तक्ता आज पाचला बंद होणार होता. धम्मदीपानं, त्याच्या बायकोनं, सकाळी कामावर निघताना बूट घालता घालता एवढंच म्हटलं होतं, की काय ते ठरव, मी काही बोलणार नाही, पण जे ठरवशील ते आईंना तूच सांग. ती बोलणार नाही म्हणाली की घरात तेवढंच ऐकू येत राहतं.

त्यानं सॅक खुर्चीवर ठेवून पट्ट्यांत हात घातले, वाकला, उठला. नऊ किलो म्हणजे काय मोठं... आणि तरी पहिल्या क्षणी पाय जरा मागे गेला. मी जाऊन तरी काय करणार आहे, तो जिना उतरता उतरता स्वतःलाच समजावत होता – ऑपरेशन डॉक्टर करणार, उज्ज्वल तिथं आहे, त्याची बायको आहे, मी आपला कॉटपाशी स्टुलावर बसून मोबाइल बघणार. काय उपयोग? प्रत्येक पायरीला एक मुद्दा सापडत होता. तळघरापर्यंत पोचला तेव्हा खटला जिंकलेला होता, आणि चढायला लागला तसा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

दुसऱ्या मजल्यावर तिथंच राहणाऱ्या फ्राऊ लोरेन्त्स कुंड्यांना पाणी घालत होत्या. सॅककडे, त्याच्या घामाकडे बघून त्यांनी काळजीनं विचारलं, की लिफ्ट बिघडली का. नाही, चालू आहे, तो म्हणाला. “आल्झो...” – म्हणजे, ‘मग...’ – म्हणून त्या थांबल्या. धडधाकट लिफ्ट सोडून हा माणूस ओझं घेऊन जिना का चढतोय, हे जर्मनमध्ये सांगताना फारच खुळचट वाटलं असतं. मराठीतही वाटलंच असतं म्हणा.

तिसरी फेरी. पट्टा खांद्यात रुतत होता. मध्येच उतरवून घटकाभर टेकावं असं आलं मनात, आणि मागून, लहानपणातून, आईचा आवाज – खाली ठेवू नको रे, ठेवलं की पुन्हा डोक्यावर द्यायला माणूस लागतं. गावातली विहीर घरापासून शंभर पावलांवर होती, पण तिथं वस्तीवरची बाई दिसली की कुणीतरी काहीतरी बोलायचंच, आणि बोलणं ऐकून घेऊन मिळणारं पाणी आईला नको होतं. म्हणून दोन किलोमीटरवरच्या मळ्यातली विहीर. पहाटे ती त्याला हलवून उठवायची. सात-आठ वर्षांचा असेल तो. पाण्यानं भरलेला हंडा ती आधी उजव्या गुडघ्यावर घ्यायची – गुडघा दुमडून, त्यावर हंडा टेकवून, एक श्वास घ्यायची – मग म्हणायची, लाव हात. तो दोन्ही तळहात हंड्याच्या ओल्या बुडाला लावून वर रेटायचा, जीव खाऊन, आणि हंडा डोक्यावर जायचा. उजव्याच गुडघ्यावर. रोज दोन खेपा, किती वर्षं... त्यानं हिशोब करायला घेतला आणि सोडून दिला.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये फोन वाजला. आईच. तिकडे चार वाजले की चहाच्या आधी तिचा फोन येतोच.

“जेवलास का?”

“नाही अजून. जिन्यात आहे.”

“जिन्यात काय करायलास?”

थाप मारता आली असती. पण धाप लागली होती आणि धाप लागलेल्या माणसाला थाप सुचत नाही, म्हणून त्यानं सांगून टाकलं – लाल दगड, वाळवंट, कपिल, नऊ लिटर. कधी जायचं ते तेवढं सांगितलं नाही. पलीकडे आई हसली.

“पाणी न्हाई तिथं, अन् मुद्दाम जायलाव?”

“हो.”

“पाठीवर द्यायला हाय का कुणी संगं?”

“कपिल आहे ना.”

“मंग बरं. एकट्यानं उचलू नको, कमरंत भरंल.” मग जराशानं, आपल्याशीच बोलल्यासारखं, “मला तर तू होतास. एवढासा. खालून हात लावायचास. तुझ्या हाताचा काय जोर लागतोय रे, पण बरं वाटायचं.”

त्यानं कठडा धरला. गुडघा कसा आहे, त्यानं विचारलं, तर गुडघ्याला काय झालंय, हाय तसाच हाय, म्हणून तिनं चहा उतू जाईल असं सांगत फोन ठेवला.

उरलेल्या पायऱ्या तो कसा चढला ते त्याला आठवलं नाही. घरात आला आणि सॅकसकट खुर्चीच्या कडेवर बसला, लॅपटॉप ओढला, तक्ता उघडला. आपल्या नावापुढे बेचाळिसाव्या आठवड्यापासून आठ चौकोन त्यानं हिरवे केले. सुट्टी. कुठं जाणार, हे तक्ता विचारत नव्हता. फोनवर कपिलचा मेसेज येऊन पडला होता, झालं का? त्याच्या खाली उज्ज्वलचा मंगळवारचा मेसेज, तसाच. त्यानं तो उघडला, ‘मी’ एवढंच लिहिलं आणि अंगठा थांबला. पट्टे काचत होते, पाठ ओली झाली होती, आणि सॅक उतरवायचा धीर होत नव्हता.

तीस-बत्तीस वर्षं तो मनात कुठंतरी धरून होता, की तो हंडा आपण उचलत होतो. आज कळलं, तिला गरज नव्हती. गुडघ्यावरून डोक्यावर ती एकटीच घेत होती, सगळा भार त्या एका गुडघ्यावर. आणि तरी रोज पहाटे ती त्याला हलवून उठवायची, सोबत न्यायची, आणि हंडा गुडघ्यावर टेकवून, तो हात लावीपर्यंत थांबायची.