काळ्या टोमॅटोंची चव

स्नेहलचा मावसभाऊ अमेरिकेहून आला तो बियांच्या तीन पुड्या घेऊन: ब्लॅक क्रिम, चेरोकी पर्पल आणि ब्लॅक चेरी. तिन्ही काळपट, संकरित नसलेल्या जाती. बी धरलं तर पुन्हा तसेच टोमॅटो येणार. नाशिक रोडच्या क्वार्टरमागे तेलाच्या तीन डब्यांत तिनं ते लावले. तिची अडीच वर्षांची लेक मुक्ता भाजी दिसली की तोंड मिटून घ्यायची. तिच्या पोटात जाईल तोच टोमॅटो पुढल्या वर्षी लावायचा, असं स्नेहलनं ठरवलं होतं.

पण ते पिकतील तेव्हा ना. क्रिम खालून चॉकलेटी झाला, खांदे हिरवेच. पर्पल सावळा पडला, देठापाशी हिरवाच. स्नेहल रोज अंगठ्यानं दाबून बघायची आणि मागं सरायची. बीएस्सीला बॉटनी होती. कच्च्या टोमॅटोतलं विष तिला जरा जास्तच आठवायचं.

"लाल होऊ देत."

"नावातच ब्लॅक आहे. लाल कशाला होतील?" ड्यूटीला निघालेला तिचा नवरा धनराज म्हणाला.

"तुम्ही डबा विसरताय."

वाट बघण्यात मोठी फळं मऊ पडून गळायला लागली. चेरीचे घोस मात्र आपोआप रिकामे होऊ लागले. बुलबुल खातात म्हणून तिनं झाडाला ओढणी गुंडाळली. ओढणी जागच्या जागी, घोस आणखी हलके.

एका दुपारी ती कपडे वाळत घालायला मागे गेली. नांदगावहून आलेल्या सासूबाई, सगुणाबाई, पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर मुक्ता, हनुवटीवरून तपकिरी रस ओघळतोय.

"आई, काय दिलंत तिला? मुक्ता, जीभ दाखव बघू."

"आठ दिस झालं खातीय," सगुणाबाई म्हणाल्या. "मीठ लावलं की लय आवडतं."

"अहो, काळे आहेत ते."

"मग? तू रोज तिच्या गालाला काळी तीट लावतेस. मी पोटातून लावली."

स्नेहलनं हसू दाबलं आणि आधी मुक्ताचं कपाळ चाचपलं. गार होतं. मग तिनं ताटलीत तिन्हींच्या फोडी मांडल्या, पहिल्यांदा स्वतः चाखल्या. क्रिम खारट, भाजल्या वांग्यासारखा किंचित धुरकट. तिला तोच आवडला. पर्पल गोडसर, गराचा. मुक्तानं क्रिम थुंकला, पर्पलवरचं मीठ चाटून फोड आजीच्या हातात ठेवली आणि चेरीसाठी मूठ पुढं केली.

निकाल लागला. आता बी धरायचं. पण मार्च सरत आला होता, झाड उन्हानं वाळलं होतं आणि पिकलेले चेरी उरले होते दोन. वाटी आणेपर्यंत एक गेला.

"मुक्ता, हा मला दे. आपण याची झाडं लावू."

मुक्तानं मूठ पाठीमागं नेली.

"अगं, निम्मा तरी ठेव."

"पोरीला खाऊ नको म्हणतेस?" सगुणाबाई पदराआड हसल्या. "बघ बाई, सूर्य कुठून उगवला ते."

मुक्तानं टोमॅटो तोंडात टाकला. स्नेहलनं पटकन तिच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.

"हळू चाव गं माझी बाई. थोडं सांडू दे."



मुक्तानं नेहमीसारखंच सांडलं. ओंजळीत पाच बिया आल्या.