समोरच्याच्या घरचे दाणे

“दाखला आजच काढतो. शाळा आहे ही, आखाडा नाही,” मुख्याध्यापक ज्युलियस सर म्हणाले.

पापडी गावच्या त्या शाळेत मी आईला न्यायला गेले होते. तिचा नवा चष्मा दुकानात तयार होता. आई, म्हणजे सहावीच्या मनोरमाबाई, सरांच्या टेबलापाशी उभी होती. एका बाजूला धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आलेली आर्या, दुसऱ्या बाजूला दिपिका. मधल्या सुट्टीत दिपिकाने आर्याच्या मनगटात कर्कटक खुपसलं होतं.

“का, ते विचारलंत?” आई म्हणाली.

“दोघीही बोलत नाहीत.”

“मग शाळा सुटेपर्यंत थांबा.”

“पुन्हा तुमच्या शेंगा? बाई, पोरांना तुमची भीतीच उरली नाही.”

“उरायला आधी असावी लागते, सर.”

सरांना हसू आलं, पण कागद त्यांनी पुढ्यातच ठेवला. दाखला हाती पडला की दिपिकाचं शिकणं संपणार होतं. तिच्या मोठ्या बहिणीचं तसंच संपलं होतं.

आईचं माहेर खाडीकाठचं, शेतीवाल्यांचं. भांडलेल्या दोघांना ती व्हरांड्यात एका सुपाशी बसवायची. थंडीत मामाकडच्या वालाच्या शेंगा, एरवी लसूण. माफी मागायची सक्ती नाही, बोलायचीही नाही. नियम एकच. आपण सोललेलं समोरच्याच्या घरी जायचं.

मी पायरीवर बसून पाहत होते. बराच वेळ नुसत्या शेंगा तडकत राहिल्या. आर्याला त्या उघडत नव्हत्या.

“शिरेकडनं ओढ,” दिपिका मान वर न करता म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “तो किडका हाय. आमच्या घरी जानार ना?”

आर्याने तो दाणा काढून टाकला. मग तिने स्वतःचा सगळा ढीग पसरला आणि एकेक दाणा बघू लागली. आधी न बघता ढिगात टाकलेले आणखी काही किडके निघाले.

“बाई,” ती एकदम म्हणाली, “मी रोज तिचा डबा मोरीत ओतायचे. सुकटीचा वास येतो म्हणून. सगळ्या हसायच्या ना... मला मस्त वाटायचं.”

आईने दिपिकाकडे पाहिलं. “आणि तू उपाशी?”

“हां. आज आयेनं पहाटं उठून रांधलेलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमी हिला वरडला असता. मग हिनं मला बाहेर धरलं असतं.”

“वर्ग माझा, आणि डबे मी कधी बघितले नाहीत,” आई म्हणाली. “उद्यापासून मी तुमच्यातच जेवणार. आर्या, माझ्या डब्यात बोंबील असतील हं.”

“ई, बाई!” आर्या म्हणाली, आणि दिपिका पहिल्यांदा हसली.

सगळं ऐकून सरांनी कर्कटक कपाटात ठेवलं, दोघींच्या घरी निरोप धाडला. दाखला मात्र काढला नाही. चष्म्याचं दुकान तोवर बंद झालं होतं. “उद्या आणू,” आई म्हणाली. वाटेत ती गुणगुणत होती.

पहाटे झोपेतच ती गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी दोघी दारात उभ्या राहिल्या. दिपिकाच्या हातात शेतातल्या शेंगांची पिशवी होती. मी आईचं सूप काढलं.

“ताई, आता सर आमच्यात जेवतात,” आर्या म्हणाली.

“त्यांच्या भाजीला मीठच नसतं,” दिपिका म्हणाली. “मीच माझी सुकट देते थोडी.”

“मला पण दे म्हटलं तर देत नाही, बघा ना.”

“दिली ना काल! खोटारडी.”

सोलून झालं. दोघींनी आपापला ढीग माझ्याकडे सरकवला. एकही किडका दाणा नव्हता.

“ताई,” दिपिकाने हळूच विचारलं, “बाई घरी मारायच्या का हो तुमाला?”

“नाही.”

मला पुढे काही बोलायचं नव्हतं. पण सुपाच्या पलीकडची, आई बसायची ती जागा समोर होती. तिच्याकडे पाहून मी मोठ्याने म्हणाले, “आई, मला तुझी कधीच भीती वाटली नाही गं.”