कादंबरीतली गोरी बाई

झरीनचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. कुवेतमधल्या सबाह अल-सालेमला येऊन वर्ष झालं, पण बोलायला माणूस म्हणजे दोन वर्षांचा मुलगा तल्हा. आता कुठे वरच्या मजल्यावरच्या प्रभाताईंनी, म्हणजे हॉस्पिटलात नर्स असलेल्या शेजारणीनं, तिला बायकांच्या वाचनगटात ओढलं होतं, आणि आज चारची बैठक तिच्याच घरी होती. पुस्तक अमेरिकन. त्यातली गोरी मालकीण दारात आलेल्या काळ्या डॉक्टरीणबाईला मोलकरीण समजते. ते प्रकरण झरीननं संतापून पेन्सिलीनं रंगवून ठेवलं होतं. गटात नवीन आलेली डोरीन खास अमेरिकेची. तिच्यापुढे बावळट दिसून चालणार नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोटो नव्हता, मांजराचा होता.

चारला बेल वाजली. पार्ट-टाइम कामवालीही चारलाच पहिल्यांदा यायची होती. दारात उंच, काळी, हसरी बाई. झरीननं हातातलं उलथनंही खाली न ठेवता इंग्रजीत कामं सांगून टाकली: चपला इथे, मॉप तिथे, आणि बाळाला हात लावण्याआधी साबणानं दोनदा हात धुवायचे, सॅनिटायझर चालणार नाही.

बाईनं चपला काढल्या, दोनदा हात धुतले, तल्हाला कडेवर घेतलं. मग पिशवीतून तीच कादंबरी काढून म्हणाली, "आधी फरशी, की आधी चर्चा?"

ही तर डोरीन! माफी मागताना झरीन तीन भाषांत अडखळली. डोरीन म्हणाली, असू दे, चहात साखर तेवढी नको.

बायका जमल्या. डोरीनसाठी सगळं इंग्रजीत चाललं होतं. प्रभाताईंनीच सुरुवात केली. "ते दारातलं प्रकरण मला नाही पटलं. एवढी शिकलेली बाई असं करेल? ओढूनताणून आणलंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. डोरीन सांदण खात राहिली. तिनं झरीनकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. गटही टिकला असता.

"करते," झरीन म्हणाली. "बीए झालेलीसुद्धा करते. मी केलं. आत्ता, चार वाजता."

"कोणाला गं?" प्रभाताई एकदम मराठीत आल्या, आणि विचारता विचारताच त्यांची नजर डोरीनकडे गेली.

डोरीननं तल्हाला मांडीवर नीट बसवलं. "तू सांग," ती झरीनला म्हणाली. "पण हात धुण्याचा भाग मी सांगणार. तो तुला नाही जमायचा."