घेण्यास नकार

मोहाडीत तहसील कचेरीसमोर माझं कम्प्युटरचं दुकान आहे. दुपारी तीनला सगळं गाव पेंगतं, पंखासुद्धा झोपेतच फिरतो, आणि मी उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघत बसते. अशाच एका दुपारी कृष्णराव आले. तीस वर्षं पोस्टमन होते. अजूनही दारात उभं राहून आधी नाव पुकारतात.

"दीपमाला! माह्या ईमेलवर बियाण्यांच्या जाहिरातीच येऊन राहिल्या. बंद करून दे."

मी त्यांचं खातं उघडलं. तीन कंपन्या ब्लॉक केल्या. त्या यादीत आधीच एक नाव होतं. भावना.

भावना त्यांची एकुलती एक लेक. दिघोरीच्या अश्वजितशी तिनं लग्न केलं, तेव्हापासून बोलणं बंद. म्हाताऱ्याच्या नाकावर राग आणि पोटात माया, दोन्ही सारख्याच मापाची.

"हिलेबी तुम्हीच बंद केलं?"

"तीन वर्षं झाली. 'घेण्यास नकार' लिहून पत्र परत जाते ना, तसं. दोन-चार परत गेले असतील, मंग तिनं लिहिणंच सोडलं असन."

मला राग आला, आणि मग कीवही आली. "काकाजी, ईमेल परत नाही जात. तिले पत्ताबी नाही लागत. ते स्पॅममध्ये पडून राहते अन् तीस दिवसांनी आपोआप मिटून जाते."

ते स्टुलावर बसले. बराच वेळ ते दुकानात नव्हतेच. धानाच्या बांध्यांमधून सायकल हाणत कुठंतरी लांब गेले होते, थैलीत न दिलेली पत्रं घेऊन. मीही त्यांच्या मागे मागे गेले.

मग मी स्पॅम उघडलं. एकच मेल होता, सव्वीस दिवसांपूर्वीचा. मोठ्यानं वाचला.

"बाबा, हे या महिन्याचं पत्र. छत्तिसावं. तुम्ही उत्तर देत नाही, पण एकही पत्र परत आलं नाही. पोस्टमनची लेक आहे मी, मला कळतं. तुम्ही घेतलंत. तेवढ्यावर माझा महिना जातो."

कृष्णरावांनी चष्मा काढून पुसला आणि तो न घालताच पडद्याकडे बघत राहिले. मी न विचारता यादीतून भावनाचं नाव काढून टाकलं.

"पोच लिही," ते म्हणाले. "सगळी पत्रं भेटली म्हणावं."

"सगळी?"

"तीस वर्षांत खोटी पोच कधी नाही देल्ली मी. आज देतो. लिही, सगळी."