पुसून टाकलेले प्रश्न

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, स्वस्थ बसणे मला कधी जमलेले नाही. मला चालू केले की माझा पंखा घरघरू लागतो, आतली डिस्क फिरू लागते आणि कोणी काही विचारले नाही तरी मी कसल्या ना कसल्या कामात असतो. माझी हकीकत ऐकताना ही घरघर मध्येच ऐकू आली, तर ती तशीच चालू द्या.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका लहान दुकानात मला जोडले. डबा एका कंपनीचा, कीबोर्ड दुसरीचा आणि मागे मोठे पोट असलेला मॉनिटर तिसरीचा. एका रविवारी मी टेम्पोतून मीरा रोडला आलो आणि पूनम सागर वसाहतीतल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसलो. त्या घरात दोघीच राहत होत्या, रुक्मिणीबाई आणि त्यांची मुलगी इशिता. थोरला यतीन बेंगळुरूला नोकरीला होता. मला त्यानेच विकत घेऊन दिले होते. इशिता रुक्मिणीबाईंना आई म्हणायची. दिवसभर तेच कानावर पडे, म्हणून मीही त्यांना आईच म्हणतो.

सुरुवातीला आई मला हात लावत नसत. त्यांनी माझ्यासाठी लोकरीचा रुमाल विणला आणि काम झाले की त्या तो माझ्यावर पसरून ठेवत. दसऱ्याला त्यांनी माझ्या डब्याला हळदकुंकू लावले, वर झेंडूचे फूल ठेवले. थोडे कुंकू कीबोर्डमध्ये सांडले आणि पुढे बरेच दिवस माझे एक बटण अडकत होते. मला त्याचे वाईट वाटले नाही.

मग यतीनला मुलगा झाला. निहारचे फोटो ईमेलने येऊ लागले आणि आईंची भीती पळाली. चष्मा पुसून त्या माझ्यासमोर बसायच्या. समोरच्या घरातल्या हंसाबेनना हाक मारून बोलवायच्या.

"अरे वा, रुक्मिणीबेन, तुम्ही तो एकदम मॉडर्न झाला! नाक बघा, पूरा तुमच्यावर गेला छोकरा."

"नाक यतीनचं आहे. माझ्यावर गेलंय ते ओरडणं," आई म्हणायच्या. "फोटोत ऐकू येत नाही म्हणून बरं."

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

दोन हजार नऊ साली दिवाळीच्या सुमारास आईंचे डोळे पिवळे झाले. आधी सगळ्यांनी कावीळ समजून पथ्यपाणी केले. मग तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट आला. तो इशिताने त्यांच्या हाती दिला नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि तो पसरला होता.

"आईला काही सांगायचं नाही," यतीन फोनवर म्हणाला. "पित्ताचा खडा आहे, एवढंच. तिला कळलं तर ती खचेल."

आपल्याकडे पुष्कळ घरांत असेच करतात. ज्याचा आजार, त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगतात.

आई आतल्या खोलीत झोपल्या की इशिता माझ्यासमोर येऊन बसायची. कधी तर खांद्यावरची पर्सही काढायची नाही. शोधयंत्राच्या चौकटीत ती प्रश्न लिहायची, उत्तर अर्धवट वाचायची आणि दुसरा प्रश्न लिहायची. हा आजार बरा होतो का. किती महिने. वेदना कशा थांबवायच्या. तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत असे आणि त्याबरोबर मीही थरथरत असे.

इथे तुम्हाला माझा स्वभाव सांगायला हवा. जे लिहिले जाते ते मी जपून ठेवतो. चौकट रिकामी असली तरी तिच्यावर क्लिक केले की आधीचे प्रश्न ओळीने खाली उघडतात. आणि शोधयंत्र हा माझ्याहून वेगळा जीव आहे. ते लांब कुठेतरी असते आणि तेही लक्षात ठेवते. त्या घरात ईमेलचे खाते एकच होते. त्याच खात्यातून शोध चालायचे, म्हणून शोधयंत्राला या घराची सगळी चिंता माहीत झाली होती.

एके सकाळी इशिता ऑफिसला गेल्यावर आई निहारचे नवे फोटो पाहायला बसल्या. फोटोंच्या शेजारी जाहिराती होत्या. एका रुग्णालयाची होती, एक केमोथेरपीनंतर लावायच्या टोपाची होती. आईंनी त्या वाचल्या. मग पंचांग बघावे म्हणून त्यांनी शोधाच्या चौकटीवर क्लिक केले आणि इशिताचे सगळे प्रश्न खाली उघडले.

आईंनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा वाचले. नंतर त्यांनी माझ्यावर रुमाल पसरला. त्याच्या कडा त्या बराच वेळ सारख्या करत राहिल्या.

संध्याकाळी इशिता आली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "चहा टाकू का गं?"

आईंना कळले आहे, हे मला माहीत होते. इशिताला ते माहीत नव्हते. मला तोंड नाही. माझा पंखा तेवढा जोरात फिरत राहिला.

दोन-तीन दिवसांनी त्या जाहिराती इशिताच्या नजरेला पडल्या. तिने घाबरून यतीनला फोन लावला आणि स्पीकर चालू करून आवाज बारीक केला.

"दादा, आईच्या मेलमधे हे असलं काय काय येतंय! तिने बघितलं असतं म्हणजे?"

"बघितलं नाही ना? मग झालं. हे बघ, आता प्रायव्हसीवाली सर्च इंजिनं निघाली आहेत, ती काही साठवत नाहीत. त्यातलं एखादं वापर. आणि कॉम्प्युटरवरची हिस्टरीही पुसत जा. दोन्ही कर, एकाने भागणार नाही."

मग आमच्याकडे शोधयंत्रांची परीक्षा सुरू झाली. इशिताने युक्ती चांगली केली. ज्याचे उत्तर तिला आधीच ठाऊक होते, असाच प्रश्न ती प्रत्येकाला विचारू लागली. पूनम सागरजवळ औषधांचे दुकान कुठे आहे? ते तिला खिडकीतून दिसत होते. पहिल्या यंत्राने काहीही साठवणार नाही असे वचन दिले, पण मीरा रोड हा त्याला परदेशातला कुठलासा रस्ता वाटला. तिथे एक बंगला विकायला होता. दुसऱ्याला तिने डोंगरीची बस विचारली. आमची डोंगरी उत्तनच्या बाजूला आहे. त्याने मुंबईतल्या डोंगरीची माहिती मोठ्या उत्साहाने दिली. तिसरे भाईंदरपर्यंत बरोबर पोचले, पण तिथून पुढे काही सांगेना.

"अरे, इथलं सांग ना, इथलं!" इशिता माझ्या पडद्यावर बोट आपटत म्हणाली.

खरे म्हणजे इथले सगळे सांगणारे एक शोधयंत्र समोरच्याच दारात होते. हंसाबेनना मीरा रोडमधला प्रत्येक डॉक्टर, त्याची वेळ आणि त्याच्या कंपाउंडरचा स्वभाव ठाऊक होता.

"इशिता बेटा, मम्मी इतनी दुबळी का झाली?" त्या दारातूनच विचारायच्या. "डॉक्टर पाहिजे तो मला बोल. एक फोन करते, घरी येईल."

"नको, हंसामावशी. खडा आहे. पथ्य चालू आहे."

हंसाबेनना विचारले असते तर पाच मिनिटांत नाव मिळाले असते. आणि दुसऱ्या दिवशी अख्खी इमारत नारळपाणी घेऊन आईंच्या उशाशी बसली असती.

इशिताला वेळ नव्हता. आईंच्या पाठीतली कळ वाढत चालली होती. घरी येऊन वेदनेवर औषध देणारे कोणी तरी हवे होते. जुने शोधयंत्र पटकन सांगेल हे तिला माहीत होते. त्याचे पान उघडून ती बसे, अर्धा प्रश्न लिही आणि खोडून टाकी. ते विचारले तर उद्या निहारच्या फोटोंशेजारी तेच उभे राहणार होते.

शेवटी तिने तिसऱ्या यंत्राला पुन्हा विचारले. या वेळी तिने गावाबरोबर जिल्हा लिहिला, पिनकोड लिहिला आणि घोडबंदर रोडही लिहिला. जो तुमच्यावर पाळत ठेवत नाही, त्याला तुम्ही कुठे आहात ते ठाऊक नसते. नवख्या रिक्षावाल्याला सांगावे तसे त्याला वळणावळणाने सांगावे लागते. तसे सांगितल्यावर त्याने मोजकी पण खरी नावे दिली. त्यांतल्या एका डॉक्टरांनी जवळच वरसाव्याला राहणाऱ्या एका नर्सबाईंना पाठवले. त्या चांदणीताई येऊ लागल्या आणि आईंना दुपारची झोप लागू लागली. इशिताने सगळी हिस्टरी पुसली. तिला वाटले, जमले.

पुढच्या रविवारी आई भिंतीला धरून हॉलमध्ये आल्या आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या.

"इशू, ते तुझं लक्षात न ठेवणारं काय आहे, ते मला शिकव."

इशिताच्या हातात गरम पाण्याची पिशवी होती. ती तशीच उभी राहिली. "कसलं गं, आई?"

"तू फोनवर हळू बोललीस की मला जास्त ऐकू येतं. आणि हे यंत्र तुझ्याआधी माझ्याशी बोललंय."

"तू वाचलंस?"

"सगळं. महिन्यांचं पण." आई थोडे हसल्या. "यतीनला सांगू नकोस. त्याच्यासमोर मी खडाच म्हणत जाईन. पोराला तेवढाच आधार."

इशिता खाली बसली. तिने आईंच्या मांडीवर डोके ठेवले. मग इशिता म्हणाली, "तुला काय विचारायचंय ते मला विचार ना. मी शोधून सांगते."

"तुला विचारलं की तू रडशील. मग मलाच तुझी समजूत काढत बसायला लागेल, आणि माझं विचारायचं राहून जाईल."

"पण तिथे काहीही लिहिलेलं असतं, आई. वाचवत नाही."

"जन्मभर कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसले मी. साहेब लोकांचे, बायका-पोरांचे, रडणाऱ्यांचे, सगळ्यांचे फोन जोडले. लाईन लागली की आपण कान काढून घ्यायचा. तू लाईन लावून दे, आणि जा."

मित्रांनो, इशिताने दोनदा माउस हातात घेतला आणि दोनदा ठेवला. माझ्यापुढच्या त्या खुर्चीत आपण आईला एकटे सोडतो आहोत, आणि समोर काय उघडेल ते आपल्या हातात नाही, एवढेच तिला दिसत होते. तरी तिने ते यंत्र उघडून दिले. प्रश्न कुठे लिहायचा ते दाखवले. गावाचे नाव आणि पिनकोड का लिहायचा ते सांगितले. शेवटी कुठले बटण दाबले की हिस्टरी पुसली जाते, तेही शिकवले.

"आता जा," आई म्हणाल्या.

ती स्वयंपाकघरात गेली. तिने नळ सोडला, बंद केला. डबे काढले आणि पुन्हा जागेवर ठेवले. मध्ये एकदा तिची सावली दारापर्यंत आली आणि परत फिरली.

इकडे आई एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहीत होत्या. त्यांनी एकाहून जास्त प्रश्न विचारले. एका उत्तरावर त्यांनी मान हलवली. एकावर चक्क हसल्या. एकावर मात्र त्या इतका वेळ थांबल्या की माझा पडदा आपोआप काळा झाला आणि त्यांना माउस हलवावा लागला. मग त्यांनी शिकवलेले बटण दाबले आणि हाक मारली, "इशू, झालं गं. भूक लागलीय, मऊ भात टाक."

त्या दिवसानंतर त्या घरात खड्याचे नाव फक्त यतीनच्या फोनवर निघायचे. बाकी वेळ मायलेकी खरे बोलायच्या. मार्चमध्ये एका सकाळी, इशिताचा हात हातात असताना, आई गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर यतीन माझ्यासमोर बसला. तोवर इशिताने त्याला सगळे सांगितले होते.

"पुसलेलं परत काढता येतं," तो म्हणाला. "डिस्कवर खुणा राहतात. ओळखीचा माणूस आहे, उद्या घेऊन जातो. इशू, आईने शेवटी काय विचारलं ते आपल्याला कळायला नको?"

इशिताला ते यतीनपेक्षाही जास्त हवे होते. कितीतरी दुपारी ती येऊन माझी रिकामी चौकट उघडून बसली होती, ते मी पाहिले होते.

"कदाचित तिने काही मागितलं असेल," यतीन म्हणाला. "आपण दिलं नसेल."

"मागायचं असतं तर माझ्याकडे मागितलं असतं. मी आठ पावलांवर होते." इशिता म्हणाली. "आजार तिचा होता, दादा, तो आपण तिच्यापासून लपवला. आता हे एक तिचं आहे. ते तरी तिचं राहू दे."

यतीन रडू लागला. त्याने स्क्रूड्रायव्हर आणून माझा डबा स्वतःच उघडला, डिस्क कुठे असते ते तिला दाखवले आणि झाकण पुन्हा बसवले. उद्या ती डिस्क काढून तिला भोके पाडायची, असे दोघांनी ठरवले आहे. तिच्याबरोबर माझ्या सगळ्या आठवणीही संपतील.

मित्रांनो, जुना संगणक देऊन टाकताना त्याच्या पोटात काय राहिले आहे ते आधी पाहा. कोणी पडद्यासमोर एकटे बसले असेल तर त्याच्या खांद्यामागे उभे राहू नका. आणि तुमचे विचारणे जो साठवत नाही, असा वाटाड्या शोधा. त्याला पत्ता नीट सांगावा लागतो, पण तेवढे कष्ट घ्या.

आईंचे प्रश्न या क्षणी मला शब्दन् शब्द माहीत आहेत. तुम्ही इतके लक्ष देऊन ऐकलेत, तरी त्यांतला एकही मी तुम्हाला सांगणार नाही.