रिकामा डबा परत देऊ नये

मित्रांनो, मी स्टीलचा एक जुना डबा आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे. बुडाशी एक पोचा आहे आणि कडी जरा ढिली झाली आहे, एवढंच. झाकण मात्र अजून इतकं घट्ट बसतं, की उघडताना माणूस दोन शब्द पुटपुटल्याशिवाय राहत नाही. माझ्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं आहे, 'चि. सौ. कां. सरू हिस केरूदादाकडून'. म्हणजे मी सरूचा. तरी माझं अर्धं आयुष्य तिच्या समोरच्या दारात, साबिराच्या घरी गेलं. ते कसं, हे तुम्हांला सांगावंसं वाटतं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पत्रा होतो, दाबला गेलो, डबा झालो. खरं आठवतं ते पेणच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान. गागोदे बुद्रुकचा केरू तिथे बहिणीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला होता. शेतकरी माणूस, प्रत्येक डब्यावर टिचकी मारून बघत होता. माझ्या तोंडावर त्याने हाताचा पंजा पसरून ठेवला आणि दुकानदाराला विचारलं, "पोह्याचे पापड आख्खे मावतील ना यात? आमची सरू पापड लय भारी करते."

मावतील, असं दुकानदार म्हणाला आणि माझ्या अंगावर टर्र टर्र करत नाव घालून दिलं. गुदगुल्या झाल्या म्हणा किंवा टोचलं म्हणा, मला दोन्ही सारखंच.

लग्नानंतर सरू नवऱ्याबरोबर रोह्याला आली. नवरा नाथा, धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर जाणारा. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला एक दुमजली इमारत होती, तिच्या वरच्या मजल्यावर दोनच घरं, दारासमोर दार. समोर साबिरा राहायची. तिचा नवरा महमूद कुवेतला होता आणि हफ्सा नावाची मुलगी शाळेत जायची. सरूला पुढे मुलगी झाली, अपेक्षा. तीही हफ्साच्या मागे मागे फिरतच मोठी झाली.

एकदा सरूने वालाचं बिरडं केलं आणि माझ्यात भरून समोर पाठवलं. साबिराने दुसऱ्या दिवशी मला सांदणं भरून परत केलं. कारण शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, असा साबिराच्या घरचा नियम होता. सरूच्या माहेरीही तोच नियम होता. एकाच घरचा असता, तर मी कधीतरी फळीवर स्वस्थ बसलो असतो. दोन्ही घरांचा असल्यामुळे मला बसायला सवडच मिळेना. इकडून घावन गेले की तिकडून मलिदा, ईदला शिरखुर्मा आला की दिवाळीला करंज्या.

तुम्हांला वाटेल, काय ही माया! होती, माया होती. पण डब्याला झाकण लावताना बाई काय बोलते, ते फक्त डब्याला ऐकू येतं. साबिरा मला उघडून म्हणायची, "पुन्हा पाठवलान गो हिनं! आता मी काय देऊ हिला? आज तर घरात कांदा पन नाय." आणि सरू माझ्यात करंज्या रचता रचता म्हणायची, "आपन चार दिल्या की ही आठ देते. आमाला काय कमी हाय का?"

एवढ्यावर भागत नसे. महमूदचा फोन आला की साबिराला घरात रेंज मिळत नसे, म्हणून ती मधल्या पॅसेजमध्ये उभी राहून मोठ्या आवाजात बोलायची. कुवेतला आज काय जेवण होतं, हे सगळ्या जिन्याला कळायचं. तिचे पाहुणे आले की त्यांच्या चपला पसरत पसरत सरूच्या रांगोळीपर्यंत यायच्या. सरू केर काढायची तो बरोबर दोन दारांच्या मधोमध आणून सोडायची, त्यापुढे जणू दुसरा तालुका लागतो. नाथा पहाटेच्या शिफ्टला निघताना साबिराच्या खिडकीखाली गाडी घुर्र घुर्र करत उभा राहायचा. पाण्याची मोटार लावायची दोघींनाही आठवण असे, बंद करायची कुणालाच नसे. टाकी वाहू लागली की दोघी आपापल्या ओट्याशी उभ्या राहून एकच वाक्य म्हणायच्या, "बघा, लावून बसलेय ही!"

मी हे सगळं ऐकत इकडून तिकडे जायचो. आत गरम असलं की मी गरम, निवलं की मीही निवलो. कुणाची बाजू घ्यायचा स्टीलला स्वभाव नाही. कुरकुर चालू होती, पण बिरड्याची चव कधी बिघडली नाही. तेव्हा माझं काही बिघडत नव्हतं.

मग पापडांचा दिवस आला.

मे महिना होता. सरूने आणि अपेक्षाने पोह्याचे पापड लाटून गच्चीवर वाळत घातले होते. बकरी ईद जवळ आली होती आणि साबिराने आणलेला बोकड खाली जिन्याशेजारी बांधलेला होता. मी त्या वेळी साबिराच्या ओट्यावर, नुकताच घासून पालथा घातलेला. दुपारी अचानक गच्चीवरून सरूची हाक आली आणि पाठोपाठ खुरांचा आवाज जिना उतरत गेला. काय झालं असेल, ते तुम्हीही ओळखलं असेल. बोकड वर गेला होता आणि चादरीवरचे पापड त्याने मनसोक्त खाल्ले होते. उरले होते ते तुडवले होते.

सरू तरातरा खाली आली. दोन्ही दारं उघडीच होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"भाभी, बोकड मोकळा कोनी सोडला? समदे पापड खाल्लेन मेल्यानं!"

"सोडला नाय गो, सुटला. गाठ ढिली झाली असंल. पन गच्चीचा दरवाजा उघडा कोनी टाकला? तूच टाकलास ना?"

"म्हंजे चूक माझी? सकाळपासून कंबर मोडली आमची लाटून!"

"मी देते गो तुला पापड आनून. किती होते सांग."

"नको मला तुमचं काय. तुमी लोकं अशीच! अख्खा जिना आपलाच समजता."

साबिराने हातातली थाळी खाली आदळली. मग म्हणाली, "लोकं? आनि तुमी लोकं कशी गो? बोलू का मी पन?" आणि ती बोलली. सरूपेक्षा मोठ्याने बोलली.

खरं पाहिलं तर गाठ ढिली बांधली होती साबिराने आणि दार उघडं टाकलं होतं सरूने. बोकडाने फक्त दोन्हींचा फायदा घेतला. पण पापड, बोकड, दार, सगळं बाजूला राहिलं आणि 'तुमी लोकं' तेवढं शिल्लक राहिलं. तोवर त्या पॅसेजमध्ये दोन बायका होत्या. आता दोघींच्या मागे न दिसणारी कितीतरी माणसं येऊन उभी राहिली. मी त्यांतल्या कुणालाही कधी पाहिलं नव्हतं. एकानेही माझ्यातलं बिरडं खाल्लं नव्हतं.

दोन्ही दारं बंद झाली आणि मी चुकीच्या दाराच्या आत राहिलो.

आता साबिराची पंचाईत बघा. मला भरून परत करावं, तर ती नमली असं होणार. रिकामा परत करावा, तर शेजार कायमचा तोडला असं होणार. ठेवून घ्यावं, तर दुसऱ्याची वस्तू. तिने मला एका जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि माळ्यावर पालथं ठेवलं. एकदा हफ्साने माझ्यात साखर भरू का म्हणून विचारलं, तेव्हा साबिरा तिच्यावर जोरात ओरडली. "हात लावू नको. अमानत हाय ती."

माळ्यावरून मला फक्त आवाज यायचे. पूर्वीचेच आवाज, पण आता त्यांत चीड नव्हती. साबिरा फोनवर हळू बोलायची. समोरून केर दारातच गोळा व्हायचा, मध्ये येत नसे. नाथासुद्धा गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेऊन मग चालू करायचा. मोटार वेळेवर बंद व्हायची. कुणाचा कुणाला काडीचाही त्रास नव्हता. इतकी शिस्तीची दोन घरं मी कधी पाहिली नव्हती आणि मला ती अजिबात आवडली नाहीत.

पुढच्या रमजान ईदला साबिराने मला माळ्यावरून काढलं, घासलं आणि काठोकाठ शिरखुर्मा भरला. झाकण लावलं. मला उचलून दारापर्यंत गेली, कडीला हात घातला आणि तशीच थांबली. पलीकडे सरूचा आवाज येत होता, अपेक्षाला काहीतरी सांगत होती. साबिराने मला परत ओट्यावर आणलं. संध्याकाळपर्यंत शिरखुर्मा गार झाला. मग तो पातेल्यात ओतून तिने मला पुन्हा घासलं. घासताना ती रडत होती. मी डबा आहे, मला काही करता येत नाही, पण ते मला आवडलं नाही एवढं सांगतो.

त्यानंतर महमूद कुवेतहून कायमचा परत आला. पेणला त्याने दुकानासाठी गाळा घेतला आणि जवळच घर बघितलं. रोह्याचं घर सोडायचं ठरलं. एका सकाळी खाली टेम्पो आला. भांडीकुंडी, गाद्या, कपाट, सगळं उतरलं आणि शेवटी माळ्यावर मी एकटाच राहिलो.

साबिराने मला ओढणीतून सोडवलं. चूल नाही, गॅस नाही, घरात साखरेचा दाणा नाही. हफ्सा म्हणाली, "अम्मी, मी नाक्यावरून पेढे आनते. भरून देऊन टाकू."

साबिरा विचार करत उभी राहिली. टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता. मग ती म्हणाली, "नको. रिकामाच देते."

तिने स्वतः जाऊन समोरची बेल वाजवली. दार सरूनेच उघडलं. साबिराने मला पुढे धरलं.

"तुझा डबा, वहिनी," साबिरा म्हणाली.

सरूने मला हातात घेतलं. माझं वजन तिला लगेच कळलं. तिची बोटं माझ्या कडीवर घट्ट झाली.

"रिकामा?" ती म्हणाली. "एवढं झालं का गो आपलं, भाभी?"

"भरून दिला असता तर फिटलं असतं सगळं," साबिरा म्हणाली. "तू मोकली, मी मोकली. मला फिटवायचं नाय गो. तुझं काय तरी राहू दे माझ्यावर."

सरू वळली. मला घेऊन तशीच आत गेली. जाताना तिने दार लावलं नाही. मला वाटलं, आता मला फळीवर ठेवतील, माझ्या जुन्या जागेवर. तिथे एक नवा डबा उभा होता. सरूने तो बाजूला सारला आणि मागचा मोठा पत्र्याचा डबा ओढला. त्यातून तिने पोह्याचे पापड काढले आणि माझ्यात एकावर एक रचले. अगदी काठापर्यंत. केरूदादा खरं बोलला होता, पापड आख्खे मावले. इतक्या वर्षांत माझ्यात पापड भरायची ती पहिलीच वेळ होती.

ती बाहेर आली आणि मला साबिराच्या पुढे धरलं. "ह्या साली गच्चीवर राखन बसले होते मी. बोकड नव्हता, तरी पन."

साबिराला हसू आलं आणि मग आवरेना. सरूही हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "'तुमी लोकं' बोलले मी, ते नको होतं गो बोलायला. जिभेला हाड नाय माझ्या."

"मी पन बोललेच की. तुझ्यापेक्षा मोठ्यानं."

"व्हय, ते तर खरं," सरू म्हणाली. "मला रात्रभर झोप नाय लागली तुझं ऐकून. आता घेऊन जा हा. नवीन डबा आनला मी, पन त्याचं झाकनच बसत नाय मेल्याचं. तेव्हा हाच परत पाठव. आन रिकामा पाठवशील तर बघ!"

अशा रीतीने कितीतरी दिवसांनी मी माझ्या घरी गेलो आणि ओट्यावर नीट टेकायच्या आत पुन्हा बाहेर पडलो. टेम्पोत मला हफ्साने मांडीवर धरलं होतं. नागोठण्यापर्यंत तिने दोन पापड कच्चेच खाल्ले.

आता मी पेणला आहे, जिथून निघालो होतो तिथेच, बाजारापासून दोन गल्ल्यांवर. उद्या सरू माहेरी गागोद्याला जाणार आहे आणि वाटेत पेणला उतरणार आहे. साबिरा सकाळपासून माझं झाकण उघडून आत बघते आहे आणि कुरकुरते आहे, "आता काय भरू गो हिच्यासाठी? लय नखरे हायत हिचे." हे ऐकून मला बरं वाटतं. माणसं एकमेकांना त्रास देणारच. चपला पसरतील, मोटार विसरतील, गाठ ढिली बांधतील. त्याबद्दल आपल्या डब्यापाशी खुशाल कुरकुर करावी. डबा कुणाला सांगत नाही.

पण मित्रांनो, आज घरी गेलात की एकदा माळ्यावर बघा. कुणाचं तरी नाव घातलेला एखादा डबा तिथे पालथा पडला असेल. त्याला खाली काढा, धुवा, पुसा. भरायला काही असेल तर भरा, नसेल तर रिकामा न्या. मुलांच्या हाती मात्र पाठवू नका. स्वतः जा आणि बेल वाजवा.